दिसतं ते नुकसान, होतं ते नुकसान

जपानमधल्या सेंदाई शहरातून उत्तरेला चाळीसेक किलोमीटर गेलं की ओसाकी शहराचा फुरुकावा हा भाग लागतो. सगळा भाताचा मुलूख. मियागी प्रांताचं भात संशोधन केंद्र इथंच आहे. या केंद्रातल्या काही खाचरांत ऐन उन्हाळ्यात मुद्दाम थंड पाणी खेळवतात. पाण्याचं तापमान १९ अंशांच्या आसपास आणि खोली २० ते २५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीतभर. दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे भाताची रोपं त्या गार पाण्यात उभी असतात. शेजारी शेजारी कितीतरी वाणांच्या ओळी. पुढं लोंब्या तयार झाल्या की माणसं बसून एकेका लोंबीतले दाणे मोजतात: भरलेले किती, पोचट किती.

आपल्याच पिकावर आपणच संकट आणायचं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण या मुलखाचा इतिहास पाहिला तर ते पटतं. उन्हाळ्यात ओखोत्स्कच्या समुद्रावर हवेच्या जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून बसलं की तिथून ईशान्येचा थंड, दमट वारा तोहोकूच्या, म्हणजे ईशान्य जपानच्या, पूर्व किनाऱ्यावर येऊ लागतो. त्याचं नाव यामासे. त्याच्यासोबत धुकं येतं, ऊन पडत नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये स्वेटर काढावा लागतो. मधल्या ओऊ पर्वतरांगेमुळं पलीकडचा यामागाता प्रांत बराच बचावतो, सेंदाईचं मैदान मात्र थेट तोंडावर सापडतं. अठराव्या शतकातला तेन्मेईचा आणि एकोणिसाव्या शतकातला तेन्पोचा दुष्काळ, दोन्ही वेळा सेंदाईच्या संस्थानात माणसं उपाशी मेली. कोरड्यानं नव्हे, गारठ्यानं पडलेला दुष्काळ. आपल्याला ही कल्पनाच जरा जड जाते.

अलीकडचं मोठं वर्ष १९९३. फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी १९९१ च्या जूनमध्ये फुटला होता आणि त्याच्या धुराळ्यानं पुढची दोनेक वर्षं जगाचं तापमान किंचित उतरलं होतं. त्यात यामासे आला. जपानमध्ये भाताचं पीक सर्वसाधारण वर्षाला १०० धरून मोजत. आपल्या पैसेवारीचाच हा भाऊ. त्या वर्षी देशाचा आकडा ७४ वर आला आणि मियागीचा ३७ वर. सदतीस पैसे! सुमारे २६ लाख टन तांदूळ बाहेरून आणायची पाळी आली. थायलंडचा लांब, मोकळा तांदूळ जपानी घरांत शिजला आणि बहुतेकांना तो आवडला नाही, ही त्या वर्षाची आजही सांगितली जाणारी गोष्ट.

या लेखासाठी मला त्यातली एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वर्षी शेतं उजाड दिसत नव्हती, उलट हिरवीगार होती. जपानीत त्याला ‘आओदाची’ म्हणतात, म्हणजे हिरवं उभं राहणं. एरवी दाणा भरला की लोंबी वजनानं वाकते, शेत पिवळं पडतं. इथं लोंब्या ताठ, पानं हिरवी, आणि आत काहीच नाही. याचं कारण पोटरीच्या अवस्थेत आहे. लोंबी निसवण्याच्या दहा-बारा दिवस आधी, ती खोडात गुंडाळलेली असतानाच, तिच्यात परागकण तयार होत असतात. तेवढ्या थोड्या दिवसांत गारठा बसला तर परागकण नीट बनत नाहीत. झाडाचं बाकी काही बिघडत नाही. पानाला कळत नाही, मुळाला कळत नाही, आणि बांधावरून बघणाऱ्यालाही कळत नाही.

फुरुकावाचं थंड पाणी नेमकं या दिवसांवर नेम धरून सोडलेलं असतं. दोन सेंटिमीटर पाणी ठेवून चालत नाही. पोटरीतली कोवळी लोंबी बुडेल एवढं खोल लागतं. गंमत अशी, की शेतकऱ्याला सांगितला जाणारा उपायसुद्धा खोल पाण्याचाच आहे. यामासेचा इशारा मिळाला की खाचरात पंधरा-वीस सेंटिमीटर पाणी चढवा, कारण दिवसभरात तापलेलं पाणी हवेपेक्षा उबदार राहतं आणि लोंबीला दुलईसारखं जपतं. केंद्रात जवळपास तेवढ्याच खोलीचं पाणी थंड करून वाणाची परीक्षा घेतात.

सासानिशिकी हा फुरुकावातच तयार झालेला, १९६३ चा वाण. चवीला उत्तम, सुशीवाले आजही त्याचं नाव काढतात. पण गारठ्याला हळवा. १९९३ मध्ये त्याची दाणादाण उडाली. त्याच केंद्रानं दोनच वर्षं आधी, १९९१ मध्ये, दुसरा वाण बाहेर काढला होता: कोशिहिकारी आणि हात्सुबोशी यांच्या संकरातून आलेला हितोमेबोरे. नावाचा अर्थ ‘पाहताक्षणी प्रेम’. प्रेम जमलं ते मात्र पाहताक्षणी नव्हे, त्या वर्षीच्या लोंब्या मोजल्यावर! नुकसान त्याचंही झालं, पण सासानिशिकीच्या मानानं त्यात दाणा राहिला. पुढच्या काही वर्षांत मियागीच्या शेतांतून सासानिशिकी मागं पडला आणि हितोमेबोरे पसरला.

मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर याच मैदानात मिठाचा प्रश्न उभा राहिला. समुद्र चार-पाच किलोमीटर आत आला आणि एकट्या मियागीत चौदा-पंधरा हजार हेक्टर शेतजमीन खाऱ्या पाण्याखाली गेली. सेंदाईतल्या तोहोकू विद्यापीठाच्या शेतकी शाखेकडे मोहरीवर्गीय पिकांच्या शेकडो वाणांचा जुना संग्रह होता. त्यातून मीठ सोसणारे वाण निवडून त्यांनी बुडालेल्या शेतांत पेरले. इथं संकट आणावं लागलं नाही, ते आयतंच आलं होतं.

गारठ्याचं नुकसान दिसत नाही. आता डोळ्यांत भरणारं संकट: गारपीट.

जपानी माणूस आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या गोळ्यांना दोन नावं देतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान ती ‘आरारे’, पाच किंवा त्याहून मोठी ती ‘ह्यो’. पीक झोडपते ती ह्यो. तिचा धोका वसंतापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे फळझाडांवर कोवळी फळं असतात तेव्हाच. तापलेल्या जमिनीवरची हवा उसळून वर जाते, वर गारठा असतो, आणि त्या उसळीत शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब बर्फाच्या कणावर आदळून गोठत जातात. उसळी जितकी जोरदार तितका वेळ कण वर तरंगतो आणि तितकी गार मोठी होते. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमी विक्षोभाची थंड हवा वर आणि बंगालच्या उपसागराकडून आलेला ओलावा खाली, अशी गाठ पडली की हेच घडतं.

गारठ्याचं पाणी नळानं सोडता येतं, गार मात्र बोलावता येत नाही. ती पडते पट्ट्यात. बांधाच्या अलीकडं सगळं साफ आणि पलीकडं पानही हललेलं नाही, हे प्रत्येक शेतकऱ्यानं पाहिलेलं आहे. मग चाचणी करायची कशी? अमेरिकेच्या मका पट्ट्यातल्या संशोधकांनी १९२०-३० च्या दशकांपासून साधा मार्ग काढला: कात्री घ्यायची आणि पानं कापायची. ठरलेल्या वाफ्यात, ठरलेल्या वयाला, ठरलेल्या प्रमाणात. एका वाफ्यात पाव, दुसऱ्यात निम्मी, तिसऱ्यात सगळी. चौथ्याला हात लावायचा नाही. मग कणसं येईपर्यंत थांबायचं. नंतरच्या काळात गवत कापायच्या दोरीच्या यंत्रानं पानं फाडून पाहिली, बर्फाचे तुकडे फेकणारी यंत्रंही बनवली. पण मुळात ती कात्रीची गारपीट.

त्यातून जे कळलं ते फुरुकावाच्या बरोबर उलट आहे. मका सात पानांवर असताना त्याची सगळीच्या सगळी पानं गेली, तर शेत बघवत नाही. नुसते खुंट उभे. तरी अमेरिकेत गारपिटीच्या विम्यासाठी वापरला जाणारा तक्ता उत्पन्नातली घट सांगतो ९ टक्के. दहा पानांवर असताना १६ टक्के. आणि तुरा बाहेर पडताना सगळी पानं गेली तर पीक गेलंच, शंभर टक्के. याचं उत्तर झाडाच्या रचनेत आहे. पाच-सहा पानं होईपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या खाली सुरक्षित असतो. वर कितीही झोडपलं तरी तो नवी पानं काढत राहतो. तुऱ्याच्या वेळेला नवीन पान काढायचं काम संपलेलं असतं. तेव्हा गेलेलं पान कायमचं गेलं, आणि दाणा भरायला तेच लागणार होतं.

सोयाबीन, तूर, कापूस यांचं गणित आणखी वेगळं, कारण त्यांचे कोंब जमिनीवर असतात, पण प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक डोळा राखीव असतो. शेंडा मोडला तरी खालून फूट येते. मात्र सोयाबीनचं रोप पहिल्या दोन जाड दलांच्या खाली तुटलं तर त्याला डोळाच उरत नाही आणि ते रोप संपतं. म्हणूनच गारपिटीनंतर दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन ‘गेलं’ म्हणण्यात अर्थ नसतो. सात ते दहा दिवस थांबायचं, मग खोड उभं चिरून बघायचं. कोंब पांढरा, टणक असेल तर जीव आहे. तपकिरी, पचपचीत असेल तर नाही. दहा दिवस थांबणं हे सगळ्यांत कठीण काम, हे मलाही कळतं. समोर झोपलेलं शेत असताना ट्रॅक्टर घालून मोकळं व्हावंसं वाटतं.

मक्याचा तो तक्ता जसाच्या तसा उचलून महाराष्ट्रात आणता येत नाही, आणि ते २०१४ नं दाखवलं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागात दिवसामागून दिवस गारा पडल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर. काही ठिकाणी शेतात बर्फाचा थर साचलेला लोकांनी पाहिला. त्या वेळी गहू दाणे भरत होता, हरभऱ्याला घाटे होते, रब्बी ज्वारी कणसात होती. या पिकांचं वय झालं होतं, पुन्हा फुटायला त्यांच्याकडे दिवसच उरले नव्हते. बारामती तालुक्यातल्या माळेगावला २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली होती; ताण म्हणजे इथं दुष्काळ, उष्णता, क्षार, गारपीट असे कीड-रोगाव्यतिरिक्तचे तडाखे. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी गारपिटीची कारणं, नुकसान आणि नंतरची काळजी यांवर एक पुस्तिका काढली. साचलेलं पाणी काढा, मोडक्या फांद्या नीट छाटा, जखमांवर बोर्डो पेस्ट लावा, बुरशीनाशक घ्या, असा त्यातला सल्ला. तो आजही तलाठी कार्यालयापासून कृषी केंद्रापर्यंत कुणीही सांगेल. डाळिंबाला तर जखम म्हणजे तेल्या रोगाला उघडं दार.

फळबागांत नुकसान आणखी लपून बसतं. द्राक्षाची एप्रिलमधली खरड छाटणी झाली की नव्या काड्या वाढतात, आणि पुढच्या हंगामाचे घड त्या काड्यांच्या डोळ्यांत, डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात, मे-जूनमध्येच ठरून जातात. मेमधल्या गारांनी काडी झोडपली, तर त्या दिवशी वेलीवर एकही घड नसतो. पंचनाम्यात लिहिणार काय? हिशेब चुकता होतो ऑक्टोबर छाटणीनंतर, घड मोजायला गेल्यावर. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला हे पाठ असतं. कागदाला ते समजावून सांगणं त्याच्या हातात नसतं.

इथं प्रश्न मोजणीचा होतो. त्यात मराठी माणसांचं काम मोठं आहे, म्हणून थोडा थांबतो. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी १९४० च्या दशकात देशभर पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. आधी गावचा कारभारी नजरेनं आणेवारी लावायचा. यांनी सांगितलं, नजर बाजूला ठेवा. चिठ्ठी टाकून गाव निवडा, चिठ्ठी टाकून शेत निवडा, त्या शेतातला तुकडाही तसाच निवडा, कापा आणि तोला. आज बहुतेक पिकांसाठी हा तुकडा १० बाय ५ मीटरचा असतो. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस फार लहान, गोल तुकडे घेत. तुकडा लहान असला की काठावरचं झाड आत धरायचं की बाहेर, हा प्रश्न जास्त येतो, आणि कापणारा हात नकळत ते आत धरतो. आकडा फुगतो. सुखात्मे-पानसे यांनी मोठ्या तुकड्यांचा आग्रह धरला तो यासाठी. शेतकी महाविद्यालयांत शिकलेल्या पिढ्यांना या जोडीचं नाव १९५४ च्या ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’ या जाडजूड पुस्तकामुळं माहीत आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री अनेकांनी ते शिव्या देत वाचलं असेल.

चिठ्ठी टाकण्याचं महत्त्व गारपिटीत विशेष आहे, कारण या संकटावर फसवे उपाय चटकन चिकटतात. १८९६ मध्ये ऑस्ट्रियाच्या स्टायरिया भागात आल्बर्ट स्टिगर या द्राक्ष बागायतदारानं ढगांवर तोफा डागायला सुरुवात केली. कर्ण्यासारखं तोंड असलेल्या या तोफा काही वर्षांत इटलीत हजारोंनी बसल्या. एखाद्या वर्षी गार पडली नाही की श्रेय तोफेला. सरकारांनी १९०३-०४ मध्ये मुद्दाम दोन ठिकाणी तोफांची दाटी करून चाचणी घेतली. दोन्हीकडे गारपिटीनं झोडपून काढलं आणि तोफा मोडीत निघाल्या. स्वित्झर्लंडमध्ये १९७७ ते १९८१ अशी पाच वर्षं ढगांत रॉकेटनं रसायन सोडण्याची चाचणी झाली. कोणत्या दिवशी सोडायचं आणि कोणत्या दिवशी नाही हे चिठ्ठीनं ठरवलेलं. शेवटी दोन्ही दिवसांच्या गारांत फरक सापडला नाही. तरी तोफांचं नवं रूप आजही अनेक देशांत विकलं जातं.

पीक कापणी प्रयोग हे महसूल मंडळाची, म्हणजे गावांच्या गटाची, सरासरी काढायला उत्तम, पण गार सरासरीत पडत नाही. एका मंडळातून दोन किलोमीटर रुंदीचा पट्टा झोडपून गेला, तर चिठ्ठीनं निवडलेली शेतं बहुधा त्याच्या बाहेरच असतात. म्हणून २०१६ पासूनच्या पीक विमा योजनेत गारपीट ही ‘स्थानिक आपत्ती’ धरली गेली: शेतकऱ्यानं ७२ तासांत कळवायचं आणि त्याच्याच शेताची पाहणी व्हायची. महाराष्ट्रानं २०२५ च्या खरिपापासून ही कलमं काढून भरपाईचा आधार फक्त पीक कापणीवर ठेवला. सुखात्म्यांनी देशाच्या कोठारात धान्य किती हे मोजायला जे साधन बनवलं, ते बांधाअलीकडच्या एका शेतकऱ्याचा तोटा मोजायला लावलं जात आहे. मला हे चुकीच्या हत्याराचं काम वाटतं. सरकारी मदतीसाठी पंचनामा होतो, त्याला ३३ टक्के नुकसानीची अट आहे. तिथं पुन्हा तोच घोळ: सात पानांवर सफाचट झालेला मका नजरेला ९० टक्के गेलेला दिसतो आणि जातो ९ टक्के, तर उभ्या हरभऱ्याची पानं दिसतात बरी आणि घाटे फुटून खाली सांडलेले असतात.

जपाननं १९४७ च्या कायद्यानं शेतकऱ्यांच्या परस्पर साहाय्याची विमा व्यवस्था उभी केली. त्यात एकेका खाचराचं नुकसान वेगळं मोजायची पद्धत होती, आणि मोजणारे गावातलेच अनुभवी शेतकरी असत. २०२१ च्या पिकानंतर तीही बंद झाली. मोजणाऱ्यांचं वय झालं, खर्च परवडेना. २०१९ पासून तिथं उत्पन्नाचा विमा आला आहे. पीक कशानं गेलं हे न विचारता वर्षाची कमाई किती घटली ते बघतात. त्यासाठी हिशेबाच्या वह्या नीट ठेवाव्या लागतात, ही त्याची किंमत.

सेंदाईला लागूनच रिफू हे गाव नाशपातीसाठी नावाजलेलं आहे. जपानी नाशपाती वाढवतात मांडवावर, डोक्याएवढ्या उंचीच्या तारांवर, आपल्या द्राक्षासारखी. असा मांडव असला की त्यावर जाळी पसरणं सोपं, आणि जपानच्या नाशपातीच्या बागांत नऊ मिलिमीटर छिद्रांच्या आसपासची जाळी गार, पाखरं आणि फळातला रस शोषणारे पतंग यांच्यासाठी एकदमच वापरतात. एकट्या गारेसाठी हा खर्च निघाला नसता. जाळीनं ऊन थोडं कमी होतं, आणि हिवाळ्याआधी ती गुंडाळावीच लागते, नाहीतर बर्फाच्या वजनानं मांडव बसतो. आपल्याकडे बर्फाची भीती नाही, पण वादळी वाऱ्यात जाळीचं शीड होतं, तेव्हा खांब आणि ताण यांचा हिशेब आधी करायला हवा.

ज्याच्याकडे जाळी नाही, त्याला गारपिटीच्या दुसऱ्या दिवसापासून काही ना काही विकायला माणसं येतात. टॉनिक, संजीवक, अमुक बुरशीनाशक. इलिनॉय विद्यापीठात मक्याची पानं यंत्रानं फाडून त्यावर बुरशीनाशक मारून पाहिलं, तर गेलेलं उत्पन्न त्यानं परत आणलं नाही. डाळिंब-द्राक्षाला, जिथं जखमेतून रोग शिरतो, तिथलं उत्तर निराळं असू शकतं. मग आपल्या शेतात काय? फवारताना मध्ये मध्ये चार-चार ओळी कोऱ्या सोडायच्या, त्याही एकाच कोपऱ्यात नाही. कोणत्या ओळी ते नाणं उडवून ठरवायचं. खुणेला बांबूला फडकं बांधायचं, आणि काढणीच्या दिवशी त्या ओळींचा माल वेगळ्या पोत्यांत भरून काट्यावर घालायचा.